बीए फिलॉसॉफी, पीएचडी कवट्या मोजून : महाराष्ट्रात मानवशास्त्र रुजवणाऱ्या इरावतीबाईंची गोष्ट

भिवंडीत एखाद्या नाक्यावर पाच मिनिटं उभं राहा. रिक्षावाला आगरी बोलीत ओरडतोय, चहाच्या टपरीवर भोजपुरी चाललीय, शेजारच्या किराणा दुकानात तेलुगू, पलीकडे उर्दू, आणि वाड्याच्या बाजूनं येणाऱ्या एसटीतून उतरणाऱ्या बायका वारलीत बोलतायत. यंत्रमागाच्या खडखडाटात कुणाचंच कुणाला नीट ऐकू येत नाही, तरी सगळे एकमेकांशी व्यवहार करतायत.

ही माणसं इथं कशी आली? यांची लग्नं कशी ठरतात? कोण कुणाच्या घरी जेवतो आणि कोण जेवत नाही?

हे प्रश्न ज्याला पडतात त्याच्यासाठी एक विषय आहे. मानवशास्त्र, म्हणजे अँथ्रोपॉलॉजी. यूपीएससीला ऑप्शनल म्हणून हा विषय घेणारे बरेच सापडतात. पण बारावीनंतर थेट यातच पदवी करायची असं कुणी घरी सांगितलं, तर पहिला प्रश्न येतो की हे असतं काय, आणि दुसरा प्रश्न येतो की हे शिकवतात कुठं. दुसरा प्रश्न जास्त खरा आहे. महाराष्ट्रात पदवीला हा विषय देणारी कॉलेजं आजही बोटांवर मोजण्याइतकीच आहेत.

अशा वेळी कुणाचं उदाहरण बघायचं? तर इरावती कर्वे यांचं. बहुतेकांना त्या ‘युगान्त’मुळे माहीत असतात. पण ‘युगान्त’ लिहिण्याच्या कितीतरी आधी त्या महाराष्ट्रातल्या पहिल्या मोठ्या महिला मानवशास्त्रज्ञ झाल्या होत्या. आणि गंमत म्हणजे त्यांच्याकडं मानवशास्त्राची पदवी नव्हती. त्यांनी बीए केलं होतं फिलॉसॉफीत.

नदीवरून ठेवलेलं नाव

१५ डिसेंबर १९०५. ब्रह्मदेशातलं मिंज्यान गाव. गणेश हरी करमरकर नावाचे इंजिनिअर तिथल्या एका कापूस कंपनीत कामाला होते. त्यांना मुलगी झाली आणि तिथल्या मोठ्या नदीवरून तिचं नाव ठेवलं गेलं इरावती.

सातव्या वर्षी या मुलीला शिकायला पुण्याला पाठवलं. शाळा हुजूरपागा. तिथं तिच्यासोबत शकुंतला परांजपे नावाची मुलगी होती. शकुंतलाचे वडील म्हणजे रँग्लर र. पु. परांजपे, फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य. परांजप्यांच्या घरानं इरावतीला आपल्यातच सामावून घेतलं.

या घराचा तिच्यावर किती परिणाम झाला हे पुढं दिसतं. घरात पुस्तकं होती, वाद होते, देवाधर्माविषयी उघड शंका होत्या. घरी येणाऱ्यांमध्ये बाळकराम नावाचे एक न्यायाधीश होते, त्यांना मानवशास्त्रात रस होता. शाळेत नसलेला हा विषय इरावतीच्या कानावर पहिल्यांदा पडला तो असा, घरगुती गप्पांमधून. करिअर काउन्सेलिंग वगैरे शब्द तेव्हा नव्हते.

तेव्हा डिग्री नव्हतीच

१९२६ साली इरावती फर्ग्युसनमधून फिलॉसॉफी घेऊन बीए झाली. मानवशास्त्र का नाही घेतलं? कारण घ्यायला नव्हतंच. देशात मानवशास्त्राचा स्वतंत्र विभाग कलकत्ता विद्यापीठात १९२० च्या सुमारास सुरू झाला होता. मुंबई विद्यापीठात १९१९ पासून समाजशास्त्राचा विभाग होता आणि तो आता डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये चालवत होते.

घुर्येंचं स्वतःचं शिक्षणही सरळ रेषेत झालेलं नव्हतं. मूळचे मालवणकडचे, शिकले संस्कृत, आणि मग केंब्रिजला जाऊन मानवशास्त्राकडं वळले. एका अर्थी तेव्हा हा विषय बाहेरून आलेल्या माणसांचाच होता.

इरावतीला दक्षिणा फेलोशिप मिळाली. पेशव्यांच्या काळात विद्वान ब्राह्मणांना जी दक्षिणा वाटली जायची, तो पैसा इंग्रजांनी पुढं शिक्षणाकडं वळवला, त्यातून आलेली ही फेलोशिप. त्या पैशावर एक मुलगी मुंबईत घुर्येंच्या हाताखाली जातींचा अभ्यास करायला गेली. १९२८ साली एमए पूर्ण झालं. प्रबंधाचा विषय होता चित्पावन ब्राह्मण, म्हणजे तिची स्वतःचीच जात.

मानवशास्त्र म्हटलं की दूरच्या जंगलातल्या लोकांकडं वही घेऊन जायचं, असा एक समज अजून आहे. इरावतीनं सुरुवात स्वतःच्या स्वयंपाकघरापासून केली. भिवंडीच्या नाक्यावर उभ्या असलेल्या पोराला किंवा पोरीला हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

याच काळात लग्न झालं. नवरा दिनकर धोंडो कर्वे, फर्ग्युसनमध्ये रसायनशास्त्र शिकवणारे, स्वतः जर्मनीत लाइपझिगला शिकून आलेले. सासरे महर्षी धोंडो केशव कर्वे. मोठे दीर र. धों. कर्वे, संततिनियमनाचा प्रचार करून अख्ख्या समाजाशी भांडण घेतलेले. इरावतीच्या वडिलांना हे स्थळ पसंत नव्हतं, त्यांना श्रीमंत घर हवं होतं.

सासऱ्यांचा विरोध, आणि उसने पैसे

एमएनंतर पुढं शिकायला जर्मनीला जायचं ठरलं. आता वाटेल की ज्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९१६ साली महिला विद्यापीठ उभं केलं, ते सासरे खूश झाले असतील. झालं उलटं. धोंडो केशवांनी सुनेच्या परदेशी जाण्याला विरोध केला. सुधारकांच्या घरातही सुनेचा प्रश्न आला की गणित बदलतं, हे इथं लपवण्यात अर्थ नाही. दिनकरराव मात्र ठाम राहिले.

पैसे नव्हते. जीवराज मेहता यांच्याकडून कर्ज घेतलं. हे मेहता डॉक्टर, काँग्रेसचे कार्यकर्ते, आणि पुढं १९६० साली गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. त्या कर्जावर १९२८ च्या शेवटी इरावतीबाई बर्लिनला गेल्या.

बर्लिनमधल्या १४९ कवट्या

त्यांच्या आयुष्यातला हा भाग सगळ्यात कमी सांगितला जातो आणि सगळ्यात महत्त्वाचा आहे.

बर्लिनच्या डालेम भागात कैसर विल्हेल्म इन्स्टिट्यूट नावाची संस्था होती. मानवशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र अशा तीन गोष्टींसाठी १९२७ साली स्थापन झालेली. संचालक होते ऑयगेन फिशर. फिशर त्या काळी या क्षेत्रातलं बडं नाव. त्यांनी आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत जाऊन मिश्र वंशाच्या लोकांवर संशोधन केलं होतं. वंशावंशांत उच्चनीच असतं, आणि वंशांची सरमिसळ वाईट, असं त्यांचं म्हणणं. पुढं १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला तेव्हा फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर झाले. त्यांची ही संस्था नंतर नाझींच्या गुन्ह्यांमध्ये सामील झाली आणि आउशवित्झच्या छळछावणीतून तिच्याकडं मानवी अवयवांचे नमुने येत होते.

१९२८ साली हे सगळं अजून व्हायचं होतं. पण विचार तोच होता, आणि अशा माणसाच्या हाताखाली भारतातून आलेली तेवीस वर्षांची मुलगी पीएचडी करत होती.

फिशरनी विषय दिला तो मानवी कवटीच्या असमानतेचा. आपली कवटी डावी-उजवीकडं अगदी एकसारखी नसते. फिशरचा अंदाज असा होता की गोऱ्या युरोपीय माणसाची कवटी एका विशिष्ट पद्धतीनं असमान असते, कारण त्याच्या मेंदूचा उजवा पुढचा भाग मोठा असतो, आणि म्हणून तो जास्त तर्कशुद्ध विचार करतो. इतर वंशांमध्ये तसं नसतं. थोडक्यात, गोऱ्यांच्या बुद्धीचा पुरावा हाडात सापडला पाहिजे, आणि तो इरावतीबाईंनी शोधून द्यायचा.

संस्थेत कवट्यांचा मोठा साठा होता. त्यातल्या बऱ्याच वसाहतींमधून, मेलेल्या माणसांच्या नातेवाइकांना न विचारता उचलून आणलेल्या. इरावतीबाईंनी युरोपीय आणि बिगर-युरोपीय मिळून १४९ कवट्या घेतल्या. मापं काढली. एकेका कवटीची, अनेक ठिकाणी, पुन्हा पुन्हा.

निष्कर्ष आला तो असा, की कवट्या असमान असतात, पण त्या असमानतेचा वंशाशी काही संबंध नाही.

तिथं त्या काय करू शकल्या असत्या ते बघा. परका देश, कर्जाचा पैसा, गाईडच्या हातात डिग्री. आकडे थोडे इकडेतिकडे वळवता आले असते, किंवा निष्कर्ष गोलमोल लिहिता आला असता. त्यांनी गाईडच्या अंदाजाविरुद्ध गेलेला निष्कर्ष तसाच लिहिला. प्रबंध मंजूर झाला, पण फिशरनी गुण अगदी जेमतेम दिले.

पीएचडी घेऊन त्या १९३० मध्ये परत आल्या.

मात्र इरावतीबाईंनी त्यानंतर मोजमाप सोडलं, असं नाही. डोकी, नाकं, उंची मोजणं पुढं कित्येक वर्षं चालूच होतं. महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवर त्यांनी अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकरांसोबत कामही केलं. वंश ही कल्पनाच त्यांनी फेकून दिली असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. बर्लिनचं शिक्षण हातात राहिलं होतं. फरक हा, की मोजून जे येईल ते मान्य करायचं, ही सवयही राहिली होती.

रजिस्ट्रार ते डेक्कन कॉलेज

परत आल्यावर मानवशास्त्राची नोकरी कुठं होती? नव्हतीच. १९३१ ते १९३६ त्या मुंबईत महिला विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या एसएनडीटीच्या रजिस्ट्रार होत्या. बर्लिनची पीएचडी आणि काम फायलींचं. पाच वर्षं.

१९३९ साली पुण्यात डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्यानं सुरू झालं. तिथं त्यांना समाजशास्त्राच्या रीडर म्हणून नेमलं गेलं, आणि शेवटपर्यंत त्या तिथंच राहिल्या. पुढं पुणे विद्यापीठातल्या मानवशास्त्र विभागाचा पायाही त्यांनीच घातला. त्याच विद्यापीठात आज या विषयाचं पदव्युत्तर शिक्षण मिळतं.

डेक्कन कॉलेजात त्यांचे एक सहकारी होते पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकलिया. दोघांनी १९४० च्या दशकात गुजरातमध्ये लांघणजला उत्खनन केलं. अश्मयुगीन माणसांचे सांगाडे आणि लहान लहान दगडी हत्यारं सापडली. कवट्या पुन्हा हातात आल्या, पण यावेळी कुणाला श्रेष्ठ ठरवायला नव्हे.

या काळातलं त्यांचं राहणं पुण्यात चर्चेचा विषय होतं. त्या नवऱ्याला नावानं हाक मारायच्या, आणि मुलं त्यांना इरू म्हणायची. पुण्यात स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांमध्ये त्यांचं नाव येतं. तीन मुलं झाली. जाई निंबकर आणि गौरी देशपांडे पुढं लेखिका झाल्या, आनंद कर्वे शास्त्रज्ञ. मुलं लहान असताना फील्डवर्कला सोबत न्यायची, हाही प्रकार होता.

‘परिपूर्ती’ नावाच्या लेखात त्यांनी एक प्रसंग लिहिलाय. एका कार्यक्रमात त्यांची ओळख महर्षींची सून आणि प्राध्यापक कर्व्यांची पत्नी अशी करून दिली जाते, तरी काहीतरी राहिल्यासारखं वाटतं. मग रस्त्यात शाळकरी पोरं त्यांच्याकडं बोट दाखवून ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, असं म्हणतात आणि ओळख पूर्ण होते. यात थट्टा किती आणि समाधान किती, यावर वाचक अजून भांडतात.

मामाची मुलगी आणि कुंभाराचं चाक

मानवशास्त्र शिकून नक्की काय करतात, याचं उत्तर त्यांच्या दोन कामांमधून मिळतं.

पहिलं, भारतातल्या नातेसंबंधांवरचं त्यांचं इंग्रजी पुस्तक, १९५३ साली आलेलं. त्यासाठी त्या देशभर फिरल्या. कुठल्या भाषेत आत्याला काय म्हणतात, मेहुण्याला काय म्हणतात, कुणाशी लग्न चालतं, कुणाशी नाही, हे सगळं जमवलं. त्यातून भारताचे उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व असे पट्टे दिसले. उत्तरेत मुलगी लांबच्या, अनोळखी गावात द्यायची, नात्यात नाही. सासरी डोक्यावर पदर, घुंघट. दक्षिणेत उलट. मामाशी, मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी लग्न, म्हणजे सासू ही आधीपासून ओळखीची बाई. महाराष्ट्र यांच्या मधोमध. मामाची मुलगी चालते, आत्याची बहुतेक जातींत चालत नाही.

भिवंडीतल्या एकाच चाळीत हे तिन्ही नकाशे शेजारी शेजारी राहतात. उत्तर प्रदेशातून आलेल्या हिंदू कुटुंबाला तेलुगू शेजाऱ्याच्या घरचं मामा-भाचीचं लग्न विचित्र वाटतं, आणि मधली मराठी बाई दोघांकडं बघून हसते. इरावतीबाईंनी या हसण्यामागचा नियम शोधला.

पण याच पुस्तकात भिवंडीच्या वाचकाला आपलं अर्धं गाव सापडणार नाही. त्यांचा भर हिंदू आणि आदिवासी समाजांवर राहिला. मुस्लिम कुटुंबांना फार कमी जागा मिळाली. मोमीन विणकरांच्या आणि कोकणी मुसलमानांच्या गावात ही उणीव लगेच जाणवते. ते काम नंतरच्यांना करायचं होतं, बरंचसं अजूनही आहे.

दुसरं काम जातींवरचं. गुरू घुर्ये यांचं म्हणणं होतं की मोठ्या जातीचे तुकडे पडत गेले आणि पोटजाती झाल्या. इरावतीबाईंनी महाराष्ट्रातले कुंभार बघितले. कुणी थोरल्या चाकावर मडकी करतो, कुणी लहान चाकावर, कुणी नुसत्या हातानं. हे गट एकमेकांत लग्न करत नाहीत, त्यांची कामाची रीत वेगळी, राहण्याचे भाग वेगळे. मग हे एका जातीचे तुकडे कसे? त्यांचं उत्तर असं, की हे मुळातच वेगवेगळे गट आहेत, धंदा एक म्हणून नाव एक पडलं. जात म्हणजे खरं तर पसरलेलं नात्यागोत्याचं जाळं.

आधी बर्लिनचा गाईड, आता मुंबईचा. दोघांच्याही विरोधात त्या गेल्या त्या मोजून आणि बघून.

दिंडीत चालणारी शास्त्रज्ञ

त्या पंढरीच्या वारीत चालत गेल्या, त्यावर ‘वाटचाल’ नावाचा लेख लिहिला. ज्या भागातले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, अशी व्याख्या त्यात सापडते, आणि ती आजही भाषणांमध्ये वापरली जाते. भाषणांमध्ये येत नाही तो भाग असा, की दिंडीत दिवसभर एकत्र चालणारे, अभंग म्हणणारे लोक संध्याकाळी जातीप्रमाणे वेगळे बसून जेवायचे. याचा त्यांना रोज त्रास झाला, आणि तोही त्यांनी लिहिला.

‘युगान्त’मध्येही नजर तीच. गांधारी, कुंती, द्रौपदी, कर्ण ही सगळी एका विशिष्ट काळातली, विशिष्ट नात्यांच्या नियमांत अडकलेली माणसं म्हणून त्यांनी वाचली. त्याला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

शेवटची वर्षं : धरण आणि बाजार

साठच्या दशकात कोयना धरण झालं. वीज मुंबईकडं आली, कारखान्यांना मिळाली. पाण्याखाली गेलेल्या गावांमधली माणसं वेगवेगळ्या जिल्ह्यांत पांगली, त्यातली काही ठाणे जिल्ह्यातही आली. म्हणजे धरणाची वीज आणि धरणाची माणसं, दोन्ही याच बाजूला.

इरावतीबाईंनी आपली मुलगी जाई निंबकर यांच्यासोबत या विस्थापितांचं सर्वेक्षण केलं. ते १९६९ साली डेक्कन कॉलेजनं छापलं. नात्यांच्या जाळ्यावर आयुष्यभर काम केलेल्या बाईला एक गोष्ट दिसणारच होती. नुकसानभरपाईच्या कागदावर घर मोजता येतं, जमीन मोजता येते, पण सोयरीक होणारी आठ-दहा गावं चार जिल्ह्यांत विखुरली तर मुलीचं लग्न कुठं करायचं, याचा रकाना त्यात नसतो. धरणग्रस्तांचे प्रश्न घेऊन पुढं मोठी आंदोलनं झाली, त्यांच्या बरंच आधी हे काम झालेलं आहे.

याच सुमारास त्या आठवडी बाजारांचा अभ्यास करत होत्या. आदिवासी भागातले, खेड्यातले आणि शहराजवळचे बाजार. तो अभ्यास १९७० साली प्रसिद्ध झाला. भाजी, मिरची, मडकी, बांगड्या घ्यायला आलेली माणसं तिथं एकमेकांची खबरबात घेतात आणि लग्नंही जुळवतात.

११ ऑगस्ट १९७० रोजी इरावतीबाई पुण्यात गेल्या. वय ६४.